अंदाजाचे पच्चय : पाऊस, बाजार आणि संगणकीय प्रारूपे

रहाटणी हे पवना नदीच्या काठचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरातील दाट वस्तीचा भाग झाले आहे. येथील आमच्या वाचकांपैकी बरेच जण कारखान्यांत काम करतात आणि त्यांची पुढची पिढी हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाते. या वाचकांकडून अलीकडे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. हवामान खाते ‘पावसाची शक्यता साठ टक्के’ असे सांगते, तेव्हा त्या साठ टक्क्यांचा नेमका अर्थ काय, हा पहिला प्रश्न. शेअर बाजारातील उद्याचे भाव संगणकाच्या गणिताने आधी कळतात, असे सांगून तरुणांना ‘ऑप्शन’च्या व्यवहाराकडे ओढणाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे मानावे, हा दुसरा. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच विद्या आहे. ती म्हणजे ज्या व्यवस्थांचे घटक एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांचे गणिती प्रारूप तयार करून ते संगणकावर चालवून पाहण्याची विद्या. व्यवहारात अशा प्रारूपाला ‘मॉडेल’ असेच म्हणतात. हे प्रारूप कसे घडते आणि त्याने दिलेला आकडा कोणत्या अटींवर खरा ठरतो, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम ‘व्यामिश्र व्यवस्था’ या शब्दाचा अर्थ पाहू. लेथ यंत्राचे भाग सुटे करून प्रत्येकाचे कार्य समजून घेतले की संपूर्ण लेथ समजतो, आणि भाग पुन्हा जोडले की तो पूर्ववत चालू लागतो. अशा यंत्रात हजार भाग असले तरी ते शास्त्रीय अर्थाने व्यामिश्र नव्हे. मोसमी पावसाचे तसे नाही. समुद्र तापतो, बाष्प वाढते, ढग जमतात. ते ढग सूर्यकिरण अडवतात आणि त्यामुळे समुद्र थंडावू लागतो. येथे जो परिणाम तोच उलटून कारणावर काम करतो. भाग सुटे केले तर पाऊसच शिल्लक राहत नाही.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. अभिधम्मपिटकातील पट्ठान या सातव्या ग्रंथात चोवीस पच्चयांची मांडणी आहे. त्यांतील हेतुपच्चय हा केवळ पहिला. त्याच्या जोडीला अञ्ञमञ्ञपच्चय, उपनिस्सयपच्चय असे कार्यकारणाचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. ज्यात दोन धम्म परस्परांना आधार देतात तो अञ्ञमञ्ञपच्चय. संयुत्तनिकायातील नळकलापी सुत्तात सारिपुत्तांनी यासाठी एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली आहे. एक काढली की दुसरी पडते. मात्र एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. आधुनिक शास्त्रात एखादी कल्पना दिसली की ‘हे आमच्या ग्रंथात अडीच हजार वर्षांपूर्वीच होते’ असे म्हणण्याची आपल्या देशात रूढी पडली आहे. पट्ठानाचा विषय चित्त आणि रूप हा आहे, ढग किंवा रोखे हा नव्हे. आम्ही त्या ग्रंथातून केवळ एक शब्द घेतो. हेतू एक आणि फल एक असे न मानता अनेक पच्चयांचा समवाय पाहावा, एवढ्यासाठी तो शब्द उपयोगी आहे.

प्रारूप तयार करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत भूतकाळातील नोंदी तपासून कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या मागोमाग येते हे शोधतात आणि तोच संबंध पुढेही राहील असे गृहीत धरतात. तिला सांख्यिकी रीत म्हणता येईल. दुसऱ्या रीतीत वारा, उष्णता, बाष्प यांच्या हालचालीचे भौतिक नियमच समीकरणांच्या रूपाने मांडून संगणकाकरवी सोडवतात. ही गतिकीय रीत. या दोन्ही रीतींचा इतिहास आपल्या पुणे जिल्ह्यात घडला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज देण्यास आरंभ केला. त्यांच्यानंतर १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणितज्ञ. जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहताना प्रशांत महासागराच्या पूर्व व पश्चिम बाजूंच्या दाबांत तराजूच्या पारड्यांसारखा संबंध असल्याचे त्यांना दिसले. पेरूच्या किनाऱ्याजवळचे पाणी आणि मराठवाड्यातील पेरणी यांचा संबंध आज ‘एल निनो’ या नावाने सर्वपरिचित झाला आहे; त्याचे एक मूळ वॉकरांच्या या आकडेमोडीत आहे. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी हंगामी अंदाजाचे काम पुण्यात राहिले.

सांख्यिकी रीतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग एका मराठी शास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप तयार केले आणि १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले. हिमालयावरील आणि युरेशियातील बर्फ, एल निनो, उत्तर भारताचे तापमान, अर्जेंटिनातील हवेचा दाब, वातावरणाच्या वरच्या थरांतील वारे असे घटक त्यात होते. शेतकऱ्यांपासून अर्थमंत्र्यांपर्यंत सर्वांना उपयोगी असा एक आकडा त्यातून निघत असे: यंदाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के. वर्षामागून वर्षे पाऊस ‘सामान्य’ राहील असा अंदाज निघत राहिला आणि पाऊस सामान्य पडत राहिला. प्रारूपावरचा विश्वास दृढ झाला.

२००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्के. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. पेरणीनंतरचा जुलै महिना बहुतांश कोरडा गेला. त्या महिन्यात देशात नेहमीच्या निम्म्याइतकाच पाऊस झाला. खात्याने ते प्रारूप बाजूस ठेवले आणि २००३ पासून घटक बदलून नवी सांख्यिकी प्रारूपे आणली. तरी २००४ मध्ये १०० टक्क्यांचा अंदाज असताना पाऊस ८७ टक्क्यांच्या आसपास थांबला. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६ टक्क्यांचा होता, पाऊस पडला ७८ टक्के.

असे का झाले? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. १९८९ ते २००१ ही सलग तेरा वर्षे देशातील पाऊस सरासरीच्या आसपास होता. ज्याने कोणताही अभ्यास न करता दर वर्षी ‘सामान्य’ असे म्हटले असते, तोही तेरा वर्षे बरोबर ठरला असता. चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. फलकावरील आकडा मोठा आहे याचा अर्थ यंत्रांवर संरक्षक जाळी बसवली आहे असा होत नाही. कदाचित अपघाताची वेळ अद्याप आलेली नसेल. प्रारूपाची परीक्षा सामान्य वर्षांत होत नाही, ती दुष्काळाच्या वर्षी होते, आणि नेमकी अशी वर्षे त्या काळात आली नव्हती. मूळच्या पुण्याच्या आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये हा प्रश्न परखडपणे मांडला. सांख्यिकी प्रारूपे अनेकवार बदलली, पण सत्तर वर्षांत अंदाजांतील चूक कमी झालेली नाही, असे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवले. स्वतःच्या क्षेत्राचा असा हिशेब जाहीरपणे मांडणे, यास आम्ही विज्ञानातील मोठी गोष्ट समजतो.

याखेरीज दुसरे एक कारण आहे. दोन गोष्टी पन्नास वर्षे बरोबरीने घडल्या म्हणून पुढेही बरोबरीने घडतील, हे कोणी सांगितले? १९९७ मध्ये एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत तीव्र एल निनोंपैकी एक होता. सर्वांना दुष्काळाची धास्ती होती. पाऊस सरासरीइतका पडला. ज्या पच्चयांच्या समवायात जुना संबंध टिकून होता, त्यांतील काही पच्चय बदलले की संबंधही बदलतो. सांख्यिकी प्रारूपाला ते कळण्याचा मार्ग नसतो, कारण त्याच्याजवळ आकड्यांची सांगड असते, तिच्यामागचे कार्य नसते.

आता गतिकीय रीत. तिची कल्पना संगणकाच्या जन्माआधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना, २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने सोडवून पाहिले. उत्तर आले की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. हे फसलेले गणित त्याने न लपवता १९२२ च्या आपल्या ग्रंथात छापले, आणि ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसून आकडेमोड करीत आहेत असे एक स्वप्नचित्रही त्यात रेखाटले. रिचर्डसन क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी. ब्रिटिश हवामान खाते हवाई मंत्रालयाच्या अधीन गेले तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि पुढे युद्धे कोणत्या कारणांनी होतात याचे गणित मांडण्यात बरीच वर्षे घालवली. आमच्या वाचकांनी या मनुष्याचे चरित्र अवश्य पाहावे.

रिचर्डसनच्या रीतीत पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकटींत विभाजन करतात. प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, वारा आणि बाष्प यांचे आजचे आकडे भरतात, आणि शेजारच्या चौकटींशी होणाऱ्या देवघेवीवरून काही मिनिटांनंतरची स्थिती काढतात; मग तिच्यावरून पुढची. असे हजारो टप्पे. चौकट निम्मी केली तर त्याच जागेवर चौकटी चौपट होतात आणि काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम सुमारे आठपट वाढते. महासंगणक लागतात ते यासाठी. अमेरिकेने हवा तसा शक्तिशाली महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातीलच ‘एका’ हा टाटा समूहाचा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर होता. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आला आणि २०२४ मध्ये ‘अर्क’. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एका सेकंदात सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी क्रिया. २०१२ च्या मान्सून मोहिमेत याच संस्थेने अमेरिकेतील गतिकीय प्रारूप भारतीय पावसासाठी सुधारण्याचे काम हाती घेतले होते.

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ हे या संस्थेत विकसित झालेले प्रारूप कार्यान्वित झाले. त्याची चौकट सहा किलोमीटरची आहे. त्यापूर्वीची बारा किलोमीटरची होती. ही प्रगती मोठी आहे. तरीही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे सारे १८१ चौरस किलोमीटर क्षेत्र अशा पाचसहा चौकटींत मावते, आणि रहाटणी तर एका चौकटीच्या कोपऱ्यात. कित्येक ढग चौकटीहून लहान असतात. त्यांची घडण समीकरणांतून थेट निघत नाही, ठोकताळ्याने बसवावी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याच शहरातील कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटर. एवढ्या अंतरातील एवढा फरक मोठ्या चौकटीचे प्रारूप कसा दाखवणार?

परंतु चौकट कितीही लहान केली तरी न हटणारी एक अडचण आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानाचे एक छोटे प्रारूप संगणकावर चालवीत होते. एक गणित मध्यापासून पुन्हा करावे म्हणून त्यांनी छापील कागदावरील आकडा भरला. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ होते, कागदावर ०.५०६. फरक हजारातील एका भागाहूनही कमी. प्रारंभी दोन्ही गणिते बरोबरीने चालली, आणि काही काळाने त्यांचा परस्परांशी संबंध उरला नाही. नियम पूर्ण ठाऊक होते, दैवाला कोठेही जागा नव्हती, तरीही भविष्य हातातून निसटले. रोजच्या हवामानाचा तपशीलवार अंदाज दोन आठवड्यांपलीकडे का जात नाही, याचे उत्तर येथे आहे. नियतिवाद आणि यदृच्छावाद ही दोन टोके आपल्या वाचकांना मक्खलि गोसालाच्या संदर्भात ठाऊक आहेत. लॉरेन्झ यांच्या गणितात सर्व काही सकारण आहे, आणि तरी ते आधी पूर्ण सांगता येत नाही. त्या दोन टोकांपैकी कोणतेही त्याला लागू पडत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला उपाय प्रामाणिक आहे. प्रारूप एकदाच न चालवता, आरंभीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून ते अनेकदा चालवायचे. हवामान खात्याकडे २०१८ मध्ये आलेल्या अशा व्यवस्थेत २१ प्रती एकाच वेळी चालत. वीसांपैकी बारा प्रतींत पाऊस दिसला तर ढोबळमानाने शक्यता साठ टक्के. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: साठ टक्के म्हणजे शहराच्या साठ टक्के भागात पाऊस नव्हे, दिवसाचे साठ टक्के तासही नव्हेत. ज्या शंभर दिवशी असा अंदाज दिला गेला, त्यांपैकी साठच्या आसपास दिवशी पाऊस पडला तर अंदाज देणारा विश्वासार्ह. एका दिवसावरून त्याला खरा किंवा खोटा ठरवता येत नाही. ‘खात्याने सांगितले आणि पडला नाही’ असे हसून म्हणण्याची आपली सवय या दृष्टीने अन्यायाची आहे.

बाजाराकडे वळताना एक भेद मनात ठेवावा लागतो. पाऊस हवामान खात्याचा अंदाज वाचत नाही. अंदाज काहीही असो, ढग आपल्या पच्चयांनुसारच वागतो. बाजारात मात्र ज्यांच्या वागण्याचे प्रारूप केले, तीच माणसे ते प्रारूप वाचतात आणि त्यानुसार वागणे बदलतात. साथीच्या रोगांचेही असेच. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीच्या प्रारूपाने कोविडचा कळस होऊन गेला असून नियम पाळले गेल्यास फेब्रुवारी २०२१ अखेर साथ अगदी ओसरेल असे म्हटले होते. पुढील एप्रिल-मे महिन्यांत काय झाले, ते कोणास सांगावयास नको. विषाणू बदलला आणि माणसांचे वागणेही.

‘ऑप्शन’ म्हणजे ठरावीक मुदतीत ठरावीक भावाने रोखा घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. या हक्काची वाजवी किंमत किती, याचे सूत्र फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये दिले. सूत्रात भरावयाच्या बहुतेक गोष्टी ठाऊक असतात: आजचा भाव, ठरलेला भाव, मुदत, व्याजदर. एक मात्र ठाऊक नसते. पुढील काळात भाव किती हेलकावे खाईल, हे भूतकाळावरून गृहीत धरावे लागते. शिवाय हे हेलकावे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे, म्हणजे माणसांच्या उंचीसारखे विभागलेले असतात, असेही मानलेले असते. पाच फुटांची माणसे पुष्कळ, सात फुटांची क्वचित, पंधरा फुटांचा कोणी नाही. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. घंटाकार वक्राच्या हिशेबाने अशी घसरण विश्वाच्या आयुष्यातही घडावयास नको होती. त्या दिवशी बाजारात पंधरा फुटांचा मनुष्य आला.

तो आला कसा? मोठ्या गुंतवणूकदार संस्था त्या काळी ‘पोर्टफोलिओ विमा’ नावाची संगणकीय रीत वापरीत. भाव उतरू लागला की थोडे विकायचे, आणखी उतरला की आणखी विकायचे. एका संस्थेपुरता हा नियम शहाणपणाचा आहे. पण अनेकांनी एकाच वेळी तोच नियम पाळला, तेव्हा एकाच्या विक्रीने भाव उतरला आणि तो उतार दुसऱ्याच्या विक्रीचे कारण झाला. बोरूच्या पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हिशेबात दुसरी भिंत होती. १९९८ मध्ये ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा निधी याच रीतीने बुडाला. त्याच्या भागीदारांत स्वतः शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते, ज्यांना आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. रशियाने कर्जफेड थांबवली, आणि जे भाव परस्परांपासून स्वतंत्र मानले होते ते सर्व एकाच दिशेने धावू लागले. अखेर चौदा वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज डॉलर घालून निधी सावरला. त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेतील गृहकर्जांच्या प्रारूपांत देशभरच्या घरांच्या किमती एकाच वेळी पडणार नाहीत, असे मानले गेले होते. त्या पडल्या.

आपल्या देशात ५ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाल पेढीकडून सुमारे ६५० कोटी रुपयांचे चुकीचे विक्री-आदेश गेले, आणि निफ्टी निर्देशांक काही क्षणांत १५ टक्क्यांहून अधिक खाली गेला. व्यवहार थांबवावे लागले. त्या वेळी चुकीचा आदेश संगणकीय आज्ञावलीने नव्हे, माणसाने दिला होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासात सापडते, आणि ते तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. सरासरीने माणशी सुमारे दोन लाख. कारखान्यातील कंत्राटी कामगाराची ही कित्येक महिन्यांची मजुरी आहे. केवळ २०२३-२४ या वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांचा ढोबळ नफा सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी संस्थांचा सुमारे २८,००० कोटी होता. या नफ्यातील बहुतांश, ९५ टक्क्यांहून अधिक, संगणकीय आज्ञावलीने केलेल्या व्यवहारांतून आला होता. म्हणजे प्रारूपे नफा देतात हे खरे. पण ती ज्यांच्या हाती आहेत त्यांना, आणि भ्रमणध्वनीवर बोट ठेवून बसलेला मुलगा त्यांच्या विरुद्ध बाजूस असतो. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी रुपयाचा दर उतरल्याने होणाऱ्या लाभाविषयी असाच हिशेब मागितला होता. हा लाभ देशाबाहेरून येत नाही, देशातीलच एका वर्गाचे दुसऱ्याकडे जाते, असे त्यांनी दाखवले. ऑप्शनच्या बाजाराला हा प्रश्न अधिकच लागू पडतो, कारण तेथे एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असतो, आणि दलाली व कर दोघांकडूनही जातात. भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न निराळा आहे. त्यातील नव्या रकमेचा काही भाग २०१५ पासून शेअर बाजारातील निर्देशांक-निधींत गुंतवला जातो, आरंभी ५ टक्के आणि पुढे १५ टक्क्यांपर्यंत. तो दीर्घ मुदतीचा असतो, त्यास ऑप्शनच्या पंक्तीस बसवू नये.

शेवटी रहाटणीशी थेट संबंध असलेले एक प्रारूप पाहू. नदीकाठी निळी आणि तांबडी अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. या रेषा म्हणजे गणिताचे फळ आहे. जुन्या नोंदींवरून नदीला किती वर्षांतून एकदा किती पाणी येते याचा वक्र काढतात, मग नदीच्या पात्राची रुंदी-खोली संगणकात भरून ते पाणी कोठवर चढेल हे पाहतात. निळी रेषा सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, दोन रेषांमध्ये नियंत्रण. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. २०१९ मध्ये पूर आला म्हणून पुढील शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच अर्थ आहे. निळ्या रेषेसाठी चार टक्के. चार टक्के ऐकण्यास थोडे वाटतात. पण गृहकर्ज वीस वर्षांचे असेल, तर त्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते आणि तांबड्या रेषेपर्यंत येण्याची सुमारे १८ टक्के. तीस वर्षांच्या कर्जात हेच आकडे ७१ आणि २६ होतात. मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्येच, चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार महानगरपालिकेने पाडले. नकाशावरील एका रेषेची किंमत अनेक कुटुंबांनी आयुष्याच्या बचतीने मोजली.

आणि हे आकडेही जुने पच्चय कायम आहेत असे मानून काढलेले आहेत. पाषाणच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. काठावर भराव पडले, मोकळ्या जमिनीवर सिमेंट आले, त्यामुळे तेवढ्याच पावसाचे पाणी अधिक वेगाने नदीत उतरते. पवनेच्या बाबतीत आणखी एक मानवी पच्चय आहे. मावळातील पवना धरण साडेआठ टीएमसीचे आहे आणि पिंपरी-चिंचवडचे पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यासाठी ते लवकर भरून ठेवावे, असे नागरिकांना वाटते. भरलेल्या धरणात मात्र ऑगस्टमधील अतिवृष्टीचे पाणी सामावून घेण्यास जागा उरत नाही, ते खाली सोडावे लागते. त्यामुळे पूररेषेच्या नकाशाविषयी विचारावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: ती कोणत्या वर्षीच्या मोजणीवरून आखली, त्यानंतर पात्रात कोणते बदल झाले, आणि धरणातून किती विसर्ग गृहीत धरला. रेषा जलसंपदा विभाग निश्चित करतो आणि ती महानगरपालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवलेली असते. घराचा इसार देण्यापूर्वी हा नकाशा नगररचना विभागात पाहता येतो.